मुंबईच्या बोलीतल्या शब्दांनी भरलेलं शब्दकोडं सोडवायचं कसं?

प्रश्न: मी भांडुपला राहतो, लोअर परळला नोकरी करतो. एका दिवाळी अंकात 'मुंबई विशेष' शब्दकोडं आलंय. लोकलमध्ये सोडवायला घेतलं आणि अर्ध्यात अडकलो. 'कोटी रुपये मावणारा (२)', 'मागावर सतत धावणारा (२)', 'हवालदार, गल्लीतल्या भाषेत (२)', 'अष्टमीच्या सुमाराची भरती (२)', 'पळायचं तर ही मारा (२)', 'भरतीचं पाणी आत शिरतं असं (३)', 'सुकवला की चटणीला चालतो (३)'. मराठी शाळेत शिकलो तरी असले शब्द कधी कानावर पडले नाहीत. मोबाइलवर शोधलं, काही हाती लागलं नाही. जेवढं भरलंय त्याचा फोटो पाठवतो आहे. ताई, हे शब्द माहीत नसतील तर कोडं सोडवताच येणार नाही का? आणि दुसऱ्याला विचारणं ही लबाडी का?

उत्तर: सोडवता येईल, आणि विचारणं ही लबाडी मुळीच नाही. मात्र कोणाला, कधी आणि काय विचारायचं यावर बरंच अवलंबून आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. दिवाळी अंकांसाठी आणि साप्ताहिकांसाठी मी बरीच वर्षं शब्दकोडी रचत आले आहे. कोडं रचणाऱ्याच्या डोक्यात काय चालतं ते कळलं की सोडवणाऱ्याचं निम्मं काम होतं.

तुम्ही म्हणता हे शब्द कधी कानावर पडले नाहीत. पण तुमच्या यादीतले बरेचसे शब्द तुम्हाला लहानपणापासून माहीत आहेत, फक्त कोड्यात आलेला अर्थ माहीत नाही. मुंबईच्या बोलीची हीच खोड आहे. ती नवे शब्द फार कमी घडवते, घरातलेच शब्द उचलते आणि दुसऱ्या कामाला लावते. पेटी म्हणजे लाख, खोका म्हणजे कोटी. सुपारी पानाच्या डब्यातली, तीच खून करवून घेण्यासाठी दिली जाते. बंदुकीच्या चापाला मराठीत आधीपासून घोडा म्हणत, गुन्हेगारी जगात अख्खं पिस्तूलच घोडा झालं. गिरणीत साचा म्हणजे कापड विणायचं यंत्र, पाळी म्हणजे कामाची वेळ, आणि बदली म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी त्या दिवसापुरता घेतलेला कामगार. यात एक तरी शब्द तुम्हाला अनोळखी आहे का?

म्हणून बोलीतल्या शब्दाचा क्लू आला की विचित्र वाटेल असा शब्द शोधत बसू नका. चौकटीत बसणारे साधे, रोजचे शब्द आधी पुटपुटून बघा. त्यातला एखादा क्लूशी दुरून नातं सांगतो. पैसे ज्यात ठेवता येतील अशी दोन अक्षरी वस्तू कोणती? पेटी, खोका, डबा, थैली. चार नावं सुचली की कोडं जवळपास सुटलं म्हणा.

आता त्या चारांतलं कोणतं? इथे मराठी तुमच्या मदतीला येते, कारण मराठीत क्लू लिहिताना लिंग लपवणं कठीण असतं. 'कोटी रुपये मावणारा' म्हटलंय, 'मावणारी' नाही. पेटी आणि थैली तिथेच बाद झाल्या. मी स्वतः क्लू लिहिताना हे लिंग मुद्दाम उघडं ठेवते, विशेषतः शब्द बोलीतला असेल तेव्हा, कारण तेवढा हात सोडवणाऱ्याला द्यायलाच हवा. 'मागावर सतत धावणारा' पुल्लिंगी, 'पळायचं तर ही मारा' स्त्रीलिंगी. पुल्लिंगी नाम बऱ्याचदा आकारान्त, स्त्रीलिंगी ईकारान्त, नपुंसकलिंगी एकारान्त. नेहमीच नाही, पण शेवटच्या चौकटीत पेन्सिलीने काना किंवा वेलांटी आधी मांडून ठेवण्याइतका भरवसा ठेवायला हरकत नाही.

पुढचं पाऊल छेदणाऱ्या शब्दांचं. इंग्रजी कोड्यात एका चौकटीत एक वर्ण असतो, म्हणजे २६ पर्याय. मराठीत एका चौकटीत पूर्ण अक्षर, काना-मात्रा-वेलांटीसकट. चौतीस व्यंजनं आणि प्रत्येकाची बाराखडी धरली तरी ४००च्या वर अक्षरं होतात, आणि त्यात जोडाक्षरं धरलेलीच नाहीत. म्हणून मराठी कोड्यात छेदातून मिळालेलं एकच अक्षर इंग्रजीतल्या जवळपास दोन वर्णांइतकं सांगून जातं. दोन अक्षरी शब्दाचं एक अक्षर हाती आलं की उरतं ते फार थोडं. तरीही बहुतेक लोक अडलेल्या क्लूकडेच टक लावून बसतात. तो क्लू सोडा, त्याला छेदणारे शब्द धरा.

तुमच्याच फोटोतलं बघा. 'लोकललाही असतो, दुपारी ऑफिसातही येतो' याचं 'डबा' तुम्ही भरलंय. त्यातल्या 'ड'वर एक उभा शब्द संपतो: 'दोन्हीकडे भार, मध्ये खांदा (३)'. तो रिकामा आहे. श्रावणबाळाची गोष्ट आठवा, आंधळ्या आईवडिलांना त्याने कशात बसवून नेलं? कावड. या कावडीचा 'का' हेच 'कोटी रुपये मावणारा'चं दुसरं अक्षर. आधी काही, शेवटी 'का', पुल्लिंगी, पैसे ठेवायची वस्तू: खोका. शब्दाचा पैशातला अर्थ माहीत नसतानाही उत्तर पक्कं झालं. खरं तर हा अर्थ तुमच्या कानावरून गेला असणार. पूर्वी तो गुन्हेगारीच्या बातम्यांत दिसायचा, २०२२ च्या राजकीय उलथापालथीनंतर 'पन्नास खोके'च्या घोषणांनी तो गावोगाव पोचला.

'हवालदार, गल्लीतल्या भाषेत' यालाही असाच छेद लागतो. दोन अक्षरांत 'मामा'ही बसतं आणि 'पांडू'ही, आणि मुंबईत दोन्ही चालतात. निव्वळ क्लूवरून निवड करणं अशक्य आहे, करूही नका. पहिल्या चौकटीतून खाली उतरणारा क्लू 'दुधाचा रंग (३)' आहे. पांढरा. 'पां' मिळाला, 'पांडू' ठरलं. दोन उत्तरं शक्य असताना पेनाने लिहून टाकणं हे कोडं फसण्याचं सगळ्यात मोठं कारण असतं.

गल्लीतल्या शब्दांची आणखी एक अडचण म्हणजे त्यांचं लेखन ठरलेलं नसतं. 'कल्टी' लिहायचं की 'कलटी'? छापील प्रमाण नाही, ऐकून लिहिलं जातं. अशा वेळी चौकटींची संख्या हाच तुमचा शुद्धलेखनकोश. 'पळायचं तर ही मारा' याला दोन घरं दिली आहेत, म्हणजे रचणाऱ्याने 'ल'ला 'ट' जोडला आहे: कल्टी. तीन घरं असती तर 'कलटी'. 'कटिंग' आलं तर क, टिं, ग अशी तीन घरं. अनुस्वाराला वेगळं घर नसतं.

ऱ्हस्व-दीर्घाबद्दलही थोडं सांगते, कारण छेद जुळत नाही म्हणून बरोबर शब्द खोडणारे लोक मी खूप पाहिलेत. मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम १९६२ मध्ये शासनाने स्वीकारले, १९७२ मध्ये त्यांत भर पडली, आणि छापील कोडी बहुतेक त्याच नियमांनी चालतात. शब्दाच्या शेवटी आलेली वेलांटी किंवा उकार दीर्घ: पांडू, कवी, पेटी. शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीची वेलांटी किंवा उकार दीर्घ: खडूस, बोंबील, वकील. शेवटचं अक्षर दीर्घ असेल तर त्याच्या आधीचा ऱ्हस्व: चिंधी, विळा, किडा, पिसू. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द शेवटून दुसऱ्या अक्षराला हा नियम पाळत नाहीत, 'गुण' ऱ्हस्वच राहतो. गल्लीतल्या शब्दांना मात्र तो बहुधा लागतो, 'कटिंग'सारखे इंग्रजीतून आलेले शब्द सोडून. अनोळखी शब्दाचं शेवटचं अक्षर मिळालं की आधीची वेलांटी पहिली की दुसरी हे तुम्हाला शब्द न ओळखताच सांगता येतं.

आता ज्यांचा तुम्हाला बहुधा सगळ्यात कंटाळा येतो त्या शब्दांकडे. सूर्याला रवी, भानू, मित्र. भुंग्याला अली, मिलिंद. हत्तीला गज, करी. चंद्राला शशी, सोम, इंदू. पाण्याला नीर, तोय, पय. बाणाला शर. सोन्याला हेम. 'आजकाल हत्तीला करी कोण म्हणतं' अशी तक्रार मला नेहमी ऐकावी लागते. कोणी म्हणत नाही, हे खरं. पण 'मुंबई विशेष' कोड्यात हे शब्द भरतीला घातलेले नसतात. मधोमध 'खाजण' किंवा 'धोटा' (दोन्हींचे अर्थ पुढे येतीलच) ठेवला की त्याच्या चारही बाजूंनी छोटे, ठरलेले, एकच उत्तर असलेले शब्द लागतात, नाहीतर तो अनोळखी शब्द उघडणार कसा? हे दोन-अडीच अक्षरी पर्यायी शब्द अगणित नाहीत. कोडी रचणारे सगळे त्याच थोड्याशा भांडारातून घेतो. एका वहीत ते लिहून ठेवत जा. ते पाठ असले की कोळीवाड्याचा शब्द असो नाहीतर गिरणीचा, त्याची निम्मी अक्षरं तुम्हाला आपोआप मिळतात.

'अष्टमीच्या सुमाराची भरती' याबाबत मात्र तुमचं म्हणणं मला मान्य नाही. हा शब्द तुम्ही मराठी शाळेतच वाचलाय. भूगोलात अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती आणि शुद्ध-वद्य अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते ना? सूर्य आणि चंद्र पृथ्वीशी काटकोनात येतात, त्यांची ओढ एकमेकींना मारक ठरते, भरती लहान येते. परीक्षेनंतर आपण हा शब्द विसरलो, कोळ्यांना विसरून चालत नाही, कारण होडी कधी काढायची आणि पाण्याला ओढ किती असेल हे त्यावर ठरतं. उत्तर 'भांग'. केसांतला भांग, प्यायची भांग आणि समुद्राचा भांग, तिन्ही एकाच दोन घरांत बसतात. रचणाऱ्याने इथे तिसरा अर्थ घेतला, मला ते फार आवडलं.

काही शब्द खरोखरच अनोळखी असतात, तिथे वरची युक्ती चालत नाही. 'मागावर सतत धावणारा' यातला. आधी क्लूची चाल ओळखा: 'मागावर' वाचून तुम्ही पोलीस किंवा शिकारी कुत्रा शोधत बसला असणार. इथला माग हातमाग-यंत्रमागातला आहे. उभ्या ताण्यातून आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळणारी नावेच्या आकाराची वस्तू म्हणजे धोटा. मुंबईतल्या पहिल्या कापडगिरणीची स्थापना १८५४ ची. तेव्हापासून शतकाहून अधिक काळ परळ-लालबागच्या चाळींत हा शब्द रोजच्या बोलण्यात होता. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या, आणि तुम्ही जिथे कामाला जाता त्या भागात आता काचेच्या इमारती उभ्या आहेत. तुम्हाला शब्द माहीत नाही याचं कारण एवढंच की तो बोलणारी माणसं त्या कामातून उठली.

अशा शब्दांसाठी कोश उघडा, पण कोणता ते बघून. मी हे असं ठरवते: धंद्यातला शब्द असेल तर जुना कोश, गल्लीतला असेल तर जिवंत माणूस. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात खंडाखंडाने आला. दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. शेतकरी, विणकर, कोळी, सुतार यांचे शब्द या मंडळींनी आस्थेने गोळा केलेत. धोटा, खाजण तिथे सापडतील. कोटीच्या अर्थाचा खोका किंवा कल्टी तिथे मिळायची नाही, कारण ती भाषा नंतरची. मोबाइलवर नुसतं शोधलंत तर हिंदी सिनेमातल्या संवादांच्या याद्या समोर येतात. त्यांतले शब्द अर्धे ओढूनताणून आणलेले असतात, त्यांच्यावर चौकट भरू नका. कोश हातात घेऊन चाळायचा असेल तर दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९८ साली स्थापन झालेलं. तिथे एक दुपार कोशांपाशी बसलात तर कोड्यापलीकडचंही खूप मिळेल.

माणसाला विचारायचं तर नेमकं विचारा. अख्खा क्लू वाचून दाखवून 'उत्तर काय' म्हणू नका, त्याने समोरचा कोड्याच्या विचारात पडतो आणि त्याला येत असलेला शब्दही आठवत नाही. लालबागच्या एखाद्या आजोबांना विचारा, 'आजोबा, साच्यावर धागा घेऊन जे सटासट पळायचं, त्याला तुम्ही काय म्हणायचात?' शब्द पटकन येईल, सोबत गिरणीतल्या आणखी चार गोष्टी येतील, त्याही लिहून घ्या, पुढच्या दिवाळी अंकात उपयोगी पडतील. लबाडी कशाची? बोलीतलं कोडं रचणारा स्वतः असाच विचारत फिरलेला असतो. माझ्या वहीतले कोळीवाड्याचे शब्द वरळीच्या आणि वेसाव्याच्या बायकांनी दिलेले आहेत.

लबाडीचा संशय कोड्यांवर फार पूर्वीपासून आहे, आणि एके काळी तो रास्त होता. स्वातंत्र्याच्या आगेमागे बक्षिसांच्या शब्दकोड्यांचं पेव फुटलं होतं. प्रवेशशुल्क भरायचं, एकाच क्लूला दोन शब्द सारखेच लागू पडायचे आणि 'अधिकृत उत्तर' पाकिटात बंद. कितीही भाषा येत असली तरी शेवटी नशिबाचाच खेळ. मुंबई राज्याने अशा स्पर्धांवर कर आणि निर्बंध लावले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९५७ मध्ये न्यायालयाने अशी स्पर्धा जुगाराच्या जातीची ठरवली. त्याआधी १९५५ च्या केंद्रीय कायद्याने महिन्याला हजार रुपयांहून मोठी बक्षिसं बंद केलीच होती. माझ्या लेखी चांगल्या कोड्याची कसोटी तिथूनच निघते: प्रत्येक चौकटीला एकच उत्तर, आणि त्या उत्तरापर्यंत विचार करून पोचता आलं पाहिजे.

या कसोटीवर तुमच्या कोड्यातली एक चौकट मला खटकली. 'भरतीचं पाणी आत शिरतं असं' आणि 'सुकवला की चटणीला चालतो' हे दोन शब्द एकमेकांना छेदतात, आणि दोन्ही शहरातल्या माणसाला अवघड. दोन अनोळखी शब्द एकाच चौकटीत भेटू द्यायचे नाहीत, हा आम्ही पाळायचा पहिला नियम. मी असते तर तिथे एक काळी चौकट टाकून जाळी बदलली असती. तरी वाट पूर्ण बंद नाही. फोटोत पहिल्याचं 'खा_ण' झालंय, दुसऱ्याचं '_वळा'. त्या रिकाम्या घरात 'आवळा' घालायचा मोह होईल, आवळा सुकवतातही. पण मग पहिला शब्द 'खाआण' होतो, आणि मराठी शब्दाच्या पोटात असा सुटा 'आ' सहसा येत नाही. 'कावळा' घातला तर 'खाकाण', 'सावळा' घातला तर 'खासाण'. दोन्ही शब्द नाहीत, आणि कावळा कोणी सुकवत नाही. चटणी मासळीची असू शकते हे सुचलं की 'जवळा' येतो, बारीक कोलंबीसारखा, आणि 'खाजण' आपोआप पुरं होतं. खाजण तर तुमच्या दाराशी आहे. पूर्व द्रुतगती महामार्गावरून भांडुप-मुलुंडच्या मिठागरांपलीकडे खाडीच्या बाजूला जो दलदलीचा, तिवरांचा पट्टा दिसतो, तो. जवळ्याचं उत्तर तपासायचं असेल तर जवळच्या मासळीबाजारात मावशींना 'सुका जवळा आहे का' एवढं विचारा.

फोटोत आणखी एक आडवा रिकामा दिसतोय, तुम्ही प्रश्नात तो लिहिला नाहीत: 'पूर्वी गिरणीत वाजायचा, आता त्यावरून वाद वाजतात (२)'. पुल्लिंगी आहे, शब्द रोजचा आहे, आणि पहिल्या चौकटीतून खाली उतरणारा 'भोंडला' तुम्ही आधीच भरलेला आहे.